दार असलेले चौकोन

१

चावीकाकांचं जगात दोघांशीच पटत नसे. एक म्हणजे स्वतःच किल्ली हरवून वर कुलपाला नावं ठेवणारं गिऱ्हाईक, आणि दुसरा दुकानातला संगणक. गिऱ्हाइकाला खुर्ची देऊन, चहा पाजून गार करता येई. संगणकाला काय पाजणार?

दुकान कुलपांचं, कड्यांचं आणि बिजागऱ्यांचं. पुढे काउंटर, मागे पडदा, पडद्याआड एक खोली. दुपारी एक ते चार कोणी फिरकत नसे. तेवढ्या वेळात काकू मागच्या खोलीत खाटेवर बसून शिवणटिपण करत, आणि काका काउंटरवर बसून ज्ञानकोशात लिहीत. हा ज्ञानकोश इंटरनेटवरचा. कुणीही यावं, लिहावं, दुसऱ्याचं खोडावं. शाळा सातवीत सुटलेल्या काकांना या गोष्टीचं भारी अप्रूप होतं. अकरा वर्षं घालून त्यांनी तिथं कुलपांवर एक लांबलचक पान उभं केलं होतं. खिटीचं कुलूप, खटक्याचं कुलूप, कोयंडा कसा ठोकावा, गंजलेली किल्ली कशी सोडवावी, सगळं.

बाकी इंटरनेटबद्दल त्यांचं मत काही फार बरं नव्हतं. तिथं माणसं पत्ता विचारायला आल्यासारखी येतात आणि भांडण करून जातात, असं ते म्हणत. दर पानावर कसली तरी परवानगी मागायची आणि ‘नाही’ म्हणायचं बटण असं दडवायचं, की तिजोरीला चोरकप्पा करणाऱ्यानं शिकवणी लावावी. ऐन कामात ‘नवी आवृत्ती आली आहे’ म्हणून सगळं थांबवायचं, आणि परत सुरू झालं की कालचं बटण आज भलतीकडेच. “मी एखाद्याच्या दाराची कडी न विचारता डावीकडून उजवीकडे नेली, तर तो मला सोडेल का?” असं त्यांनी लेकीला एकदा फोनवर विचारलंही होतं. लेक परगावी संगणकाच्याच कामात होती. ती नुसती हसली होती.

पण सगळ्यात डोकं उठवी ती खातरजमा. लिहिलेलं जतन करायला जावं, तर आधी ‘मी यंत्रमानव नाही’ असं सांगा, मग नऊ चौकोनांत कापलेलं एक चित्र बघा, आणि सायकली कुठं, पूल कुठं, सिग्नल कुठं ते दाखवा. साठी उलटलेल्या माणसानं आपण माणूस आहोत हे एका यंत्राला पटवून द्यायचं, आणि तेही सायकली मोजून.

त्या सोमवारी सायकली नव्हत्या. ‘ज्या चौकोनांत दार आहे ते निवडा,’ असं आलं.

काकांना बरं वाटलं. दारांत त्यांची हयात गेली होती. पण चित्रात नुसती भिंत होती. खाली कमरेएवढा हिरवा तेलरंग, वर चुना, मध्ये खिळ्याला एक दिनदर्शिका. दार कुठंच नव्हतं. त्यांनी काहीही न निवडता पुढे ढकललं. ‘पुन्हा प्रयत्न करा.’ परत तीच भिंत. तीनदा झालं, चारदा झालं.

आता या धंद्यातली एक सवय सांगायला हवी. किल्ली बसत नसली तर कुलूपवाला कुलपाशी वाद घालत नाही. तो किल्लीला कानस लावतो, थोडी घासतो, लावून बघतो, परत घासतो. बसेपर्यंत. काकांनी तेच केलं. एकेक चौकोन निवडून बघत गेले. खालच्या ओळीतला मधला चौकोन, नुसता हिरवा तेलरंग, निवडला आणि चटकन हिरवी खूण आली. खातरजमा झाली.

“आंधळं आहे लेकाचं,” काका म्हणाले आणि कामाला लागले.

२

मंगळवारी दुपारी अडीचच्या सुमारास कोणीतरी हाक मारली.

“आत कोणी आहे का?”

आवाज बेताचा, अदबीचा. काकांनी मान वर केली. काउंटरपुढे कोणी नव्हतं. रस्त्यावर ऊन, समोर दोन दुचाक्या. पुन्हा तीच हाक आली, आणि या वेळी त्यांना वाटलं की ती पाठीमागून आली, पडद्याआडून. मग तिसऱ्यांदा आली. दोन हाकांमध्ये बरोबर एका श्वासाचं अंतर.

तेवढ्यात पडद्यामागून काकूंचा आवाज आला. “अहो, बाहेर कोणीतरी हाक मारतंय. बघा ना.”

“बाहेर कोणी नाही,” काका म्हणाले. “मला वाटलं, तुझ्या फोनवर काहीतरी लागलंय.”

“माझा फोन घरी राहिलाय.”

बुधवारीही तसंच झालं. त्याच वेळेला, तीनदा. काका उठून पायरीवर जाऊन आले. शेजारचा चष्मेवाला दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून डुलक्या घेत होता. काकांच्या मनात आलं, कुणीतरी चेष्टा करतंय. पण चेष्टा करणारा एवढ्या सबुरीनं करत नाही. त्याला हसू आवरत नाही, तो कुठंतरी सापडतो.

त्यांना खटकत होतं ते निराळंच. ती हाक त्यांच्या ओळखीची होती. आवाज नव्हे, रीत.

काका ज्यांच्या हाताखाली कुलूपकाम शिकले त्या वस्तादांचा एक दंडक होता. दुसऱ्याचं कुलूप उघडून दिलं, की दार आपण ढकलायचं नाही. आधी विचारायचं, “आत कोणी आहे का?” एकेक श्वास थांबून तीनदा. आतून ‘या’ आलं तरच उंबरा ओलांडायचा. नाही आलं, तर किल्ली मालकाच्या हातात ठेवून बाहेरच थांबायचं, मग मालक कितीही म्हणो की घर रिकामं आहे. का, ते वस्तादांनी कधी सांगितलं नाही. काकांनी एकदा विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, “तू विचारत जा म्हणजे झालं.” आणि काका चाळीस वर्षं विचारत आले होते.

गुरुवारी काकूंनी पडदा सारून तोंड बाहेर काढलं. “आज मी ‘या’ म्हणणारच होते,” त्या म्हणाल्या. “पण दातात दोरा होता.”

का कोण जाणे, काकांच्या मनात पाल चुकचुकली.

“म्हणू नकोस,” ते म्हणाले.

“का बरं? गिऱ्हाईक नकोसं झालंय का?”

काकांनी आपलं काहीतरी पुटपुटून संगणकात डोकं घातलं.

३

संगणकात वेगळंच वाढून ठेवलं होतं.

त्यांच्या पानाच्या माथ्यावर तांबडी पट्टी आली होती. हे पान काढून टाकावं असा प्रस्ताव आहे, शनिवारी दुपारी चारला चर्चा बंद होईल. प्रस्ताव मांडणारा ‘तपासनीस’ या नावानं लिहिणारा कोणी सदस्य. त्याचं म्हणणं एकाच परिच्छेदावर होतं. ‘उघडणाऱ्याची रीत’ या मथळ्याखाली काकांनी वस्तादांचा तो दंडक लिहिला होता, त्याच्या प्रत्येक वाक्यापुढे तपासनीसानं ‘संदर्भ हवा’ अशी खूण ठोकली होती.

काकांनी चर्चेत लिहिलं, माझे वस्ताद हाच संदर्भ. तपासनीसानं कळवलं, व्यक्ती हा संदर्भ होत नाही, छापील पुरावा द्या. काकांनी लिहिलं, माझ्या संदर्भाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, ते काही छापून गेले नाहीत. त्यावर तपासनीसाचं उत्तर असं होतं: ‘म्हणजे ही रीत आता फक्त या पानावर आहे.’

काकांना हे वाक्य आवडलं नाही. त्यात वाद घालणाऱ्याचा तोरा नव्हता. माल कुठं कुठं शिल्लक आहे याची कोणी चौकशी करावी, तसं ते होतं.

त्यांनी माणसाचा माग काढायचा प्रयत्न केला. पहिला संशय पलीकडच्या गल्लीतल्या कुलूपवाल्यावर गेला, पण त्याला फोनवर साधा निरोप लिहिता येत नसे. तपासनीसाचं खातं बघितलं तर ते सोमवारी दुपारी उघडलेलं. वेळ काकांनी दोनदा वाचली. त्यांनी तो हिरवा चौकोन निवडला, त्यानंतर चार मिनिटांनी.

योगायोग असतात. काकांनी असे पुष्कळ पाहिले होते. एकदा एका गिऱ्हाइकाच्या कपाटाची किल्ली दुसऱ्याच्या फाटकाला बेमालूम बसली होती, आणि दोघांची तोंडओळखही नव्हती. तसंच काहीतरी असेल, असं त्यांनी स्वतःला बजावलं, आणि छापील पुरावा शोधायला जुन्या कागदांचा खोका खाली काढला. त्यात काही मिळालं नाही.

४

शुक्रवारी उत्तर टाकायला बसले, तर परत खातरजमा आली. परत दार. परत भिंत.

या वेळी काकांनी चष्मा पुसून नीट पाहिलं. दिनदर्शिकेवर बिजागरी बनवणाऱ्या एका कारखान्याचं चित्र होतं. असल्या दिनदर्शिका कारखानदार दुकानदारांना वाटतात. चालू महिन्याचं पान होतं. आणि अकरा तारखेभोवती निळ्या शाईचं कडं होतं.

ते उठले आणि पडदा सारून आत गेले. काकू सुईत दोरा ओवत होत्या. समोरच्या भिंतीला खाली हिरवा तेलरंग, वर चुना, मध्ये खिळ्याला दिनदर्शिका. अकरा तारखेला निळं कडं. त्या दिवशी काकूंना डोळे तपासायला जायचं होतं.

काकांनी भिंतीवर हात फिरवला. बोटाच्या पेरानं वाजवून पाहिली. दगडासारखी भरीव. पलीकडे काही नव्हतंच, शेजारच्या इमारतीची बिनखिडक्यांची आंधळी भिंत आणि दोन्हींच्या मध्ये हात जाईल एवढी फट.

“काय शोधताय?” काकूंनी विचारलं.

“ओल आलीय का बघतोय.”

त्यांनी लेकीला फोन लावला. ती कामात होती, तरी ऐकून घेतलं. “बाबा, ती चित्रं जगभरातून गोळा केलेली असतात,” ती म्हणाली. “हिरव्या रंगाच्या भिंती काय थोड्या आहेत? आणि गंमत सांगू का, त्या यंत्राला स्वतःला काही कळत नसतं. तुम्ही लोक जे दाखवता त्यावरून ते शिकतं. तुम्ही म्हणालात हे दार, की त्याच्या लेखी ते दार.”

“आणि मी चुकीचं दाखवलं तर?”

“एकट्यानं दाखवून काय होतंय? खूप जणांनी दाखवावं लागतं.”

“आणि ती जागा दुसऱ्या कुणी पाहिलीच नसली तर?”

लेक म्हणाली, “बाबा, दुपारी जरा पडत जा तुम्ही.”

फोन ठेवून काका परत संगणकापाशी आले. खालचा मधला चौकोन निवडला. ‘पुन्हा प्रयत्न करा.’ त्याच्यावरचाही निवडला, जिथं हिरवा रंग संपून चुना सुरू होत होता. हिरवी खूण आली. खरं तर तिथंच उठायला हवं होतं. पण पान वाचवायला एकच दिवस उरला होता, आणि वस्तादांनी तोंडी दिलेलं सगळं त्या पानावर होतं. पान गेलं, की वस्ताद दुसऱ्यांदा जाणार होते.

अडीचला हाका आल्या. तीन. हाका त्या भिंतीमागूनच येत होत्या, याबद्दल या वेळी काकांना शंका उरली नाही. काकूंना त्या दुकानातून आल्यासारख्या वाटत आणि त्यांना खोलीतून, कारण बंद दारामागून आलेला आवाज नेमका कुठून आला ते कळत नाही. हे ते गिऱ्हाइकांना स्वतः सांगत आले होते.

५

शनिवारी काकांनी काकूंना घरी थांबायला सांगून पाहिलं. कारण विचारल्यावर पुन्हा ओलीचं नाव काढलं. काकू म्हणाल्या, “ओल चावते का मला?” आणि नेहमीसारख्या येऊन खाटेवर बसल्या. कुणाचा तरी अभ्रा उसवलेला होता, तो घेऊन.

साडेतीनला ज्ञानकोशाच्या व्यवस्थापकाचा निरोप आला. भला माणूस असावा. त्यानं लिहिलं होतं की पान चांगलं आहे, ते जावं असं कुणालाच वाटत नाही. आक्षेप एका परिच्छेदापुरता आहे. तेवढा तुम्ही स्वतः काढलात, तर बाकी सगळं राहील, मी लगेच चर्चा बंद करतो.

काकांनी निरोप परत एकदा वाचला. चाळीस वर्षं त्यांनी दोन पावलं मागे येऊनच सौदे जमवले होते. सहा ओळी द्यायच्या आणि अकरा वर्षांचं काम राखायचं. वस्ताद असते तर त्यांनीही हेच केलं असतं, असं काकांनी मनाशी म्हटलं, आणि ते खोटं आहे हेही त्यांना त्याच क्षणी कळलं. वस्तादांनी एक वेळ दुकान विकलं असतं.

पण परिच्छेद गेला म्हणून रीत थोडीच जाते? ती आपल्याला ठाऊक आहे. आपण विचारतच राहू.

त्यांनी सहा ओळी निवडल्या आणि खोडल्या. जतन करायचं बटण दाबलं. खातरजमा आली.

‘ज्या चौकोनांत दार आहे ते निवडा.’

भिंत तीच. काकांनी खालचा निवडला, मधला निवडला. ‘पुन्हा प्रयत्न करा.’ आता राहिला होता वरचा. तीन चौकोन उभे एकावर एक. दाराची उंची कुलूपवाल्याला सांगावी लागत नाही.

“आत कोणी आहे का?”

आज हाक उशिरा आली होती. चारला बारा मिनिटं होती. काकांनी पाठीमागे पाहिलं नाही.

एक श्वास.

“आत कोणी आहे का?”

त्यांनी वरचा चौकोन निवडला. हिरवी खूण आली. ‘तुमचा बदल जतन झाला.’

एक श्वास गेला. दुसराही गेला. काका तिसऱ्या हाकेची वाट बघत बसले. काउंटरची कड त्यांनी घट्ट धरली होती. समोरच्या दुचाकीच्या बैठकीवर एक कावळा येऊन बसला आणि उडून गेला.

तिसरी हाक आली नाही. विचारायचं कारणच उरलं नव्हतं.

६

काकांनी बदल उलटवायला घेतला. घाईघाईत हात दोनदा भलतीकडेच गेला आणि कसली तरी परवानगी मागणारी खिडकी मध्ये आली. ती घालवली. ‘पूर्ववत करा’ सापडलं. दाबलं.

खातरजमा आली. पण या वेळी दार नव्हतं. ‘ज्या चौकोनांत माणूस आहे ते निवडा.’

चित्र मागच्या खोलीचं होतं. खाट होती, खाटेवर काकू होत्या, मांडीवर अभ्रा. त्यांच्या मागे पडदा. काकांना आधी नुसतं चुकल्यासारखं वाटलं. काय चुकतंय ते कळायला थोडा वेळ लागला. पडदा मागे दिसत होता. म्हणजे चित्र पडद्याकडून घेतलेलं नव्हतं. ते समोरून घेतलं होतं, भिंतीच्या बाजूनं.

काकू वर बघत होत्या. दातात दोरा होता आणि चेहऱ्यावर, ओळखीचं माणूस आत आलं की असतं तसं, निम्मं हसू.

काकांनी काकूंचा चौकोन निवडला. पुढे ढकललं.

‘अजून काही चौकोन राहिले आहेत.’

काकांनी एकेक चौकोन पाहिला. खाट. शिवणाचा डबा. पाण्याचा माठ. पडद्याची खालची किनार. उजव्या कडेच्या चौकोनात काहीतरी पातळ, उभं, पांढरं. त्यांनी चष्मा वर करून डोळे संगणकाजवळ नेले. ती दिनदर्शिका होती, पण समोरून दिसत नव्हती. कडेनं दिसत होती, सगळी पानं एकावर एक. उघडून आत लोटलेल्या दाराच्या फळीवर टांगलेली दिनदर्शिका दिसते तशी.

ते खुर्चीवरून उठले. पडद्यापर्यंत सहा पावलं होती. पाचव्यावर ते थांबले. चाळीस वर्षांत स्वतःच्या या खोलीत जाताना त्यांनी कधी विचारलं नव्हतं. आपल्या खोलीत कोण विचारतं? पण आता हात पडद्याकडे जाईना. त्यांनी ठाऊक असलेली एकच गोष्ट केली.

“आत कोणी आहे का?”

एक श्वास. आत खाट करकरली.

“आत कोणी आहे का?”

तेव्हा काकूंचा आवाज आला. आठवडाभर त्या पडद्यापलीकडे ऐकू जावं म्हणून मोठ्यानं बोलत होत्या. आता त्यांचा आवाज अगदी हळू होता, हाताच्या अंतरावर बसलेल्या माणसाशी बोलावं इतका.

“अहो,” त्या म्हणाल्या, “बाहेर कोणीतरी हाक मारतंय. बघा ना.”

आणि पावलं पडद्याकडे येऊ लागली.